पत्र्याखाली कोण झोपतं

पत्रे होडीतून उतरले तेव्हा पाउतिंग्नीच्या धक्क्यावर निम्मं गाव उभं होतं, पण हात लावायला कुणी पुढे आलं नाही.

रोझिल्डाच्या ते लगेच ध्यानात आलं. एरवी कुणाचं डुक्कर उतरवायचं असलं तरी ओढायला अख्खी आळी यायची. आज सगळ्यांचे हात बगलेत.

"काय गं सेल्विया, हात घरी विसरून आलीस वाटतं?"

शेजारच्या सेल्वियाने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "पाठीत भरलंय, कूका."

कूका म्हणजे आजी. गावातली लहानथोर सगळी रोझिल्डाला कूकाच म्हणायची, आणि तिच्या तोंडाला वचकून असायची.

"पाठीतच भरलंय ना, डोळ्यांत नाही ना? मग नीट बघून घे. जाड पत्रा आहे. मदतवाले वाटतात तसला कागद नाही."

तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पहिला पत्रा स्वतःच उचलला. कड तळहातात रुतली. मागे टोक धरायला मिर्ना असेल असं तिला वाटलं होतं. वळून पाहिलं तर तिची लेक धक्क्याच्या पार टोकाला, पाण्याकडे तोंड करून उभी होती. जवळ तिची छोटी टिनी, आईचा परकर धरून.

नोव्हेंबरात दोन वादळं आली होती. पहिल्याने घरं नेली, दुसऱ्याने उरलंसुरलं. समुद्र खाजणातून आत घुसला, विहिरी खारट झाल्या, गाई फुगून झाडांत अडकल्या. सगळं गाव उंचावरच्या एका शाळेत जाऊन राहिलं आणि पाणी ओसरल्यावर परत आलं. परत आलं ते कशात? घरांचे खांब उभे होते, काहींच्या फळ्या शिल्लक होत्या, पण छप्पर एकालाही नव्हतं. शाकारायला पानं आणावीत तर ताडांची सगळी मुंडकी वाऱ्याने उडवलेली. मदतवाल्यांचं काळं प्लास्टिक जो तो खांबांना बांधून बसला होता. वारा सुटला की गावभर फडफड.

अशा गावात पहिलं पत्र्याचं छप्पर रोझिल्डाचं होणार होतं. आणि पत्रे कशाचे, हे सगळ्यांना माहीत होतं.

शाळेत मदतीच्या धान्याच्या खोलीची किल्ली क्लिफर्डकडे होती, आणि गावात परतल्यावरही धान्य त्याच्याच कुलपात राहिलं. क्लिफर्ड म्हणजे गावचा न्याय करणाऱ्या लेस्टरचा पुतण्या. न्याय करणाऱ्याला तिथे विह्ता म्हणतात. एका संध्याकाळी मिर्ना टोपलं घेऊन तांदूळ आणायला गेली. फार वेळाने परत आली. बाही खांद्यातून उसवलेली, ओठ सुजलेला, टोपल्याच्या तळाला मूठभर तांदूळ, त्यात माती.

रोझिल्डा तेव्हा चुलीशी होती. तिने लेकीकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तांदूळ कुठाय?"

हे तिने आधी विचारलं. बाकीचं नंतर.

मग लेस्टरने तिला शाळेच्या मागे बोलावलं. दोघं एकाच ओढ्यात पोहून वाढलेली. तो म्हणाला, "रोझिल्डा, पोराकडून चूक झाली. तुला काय पाहिजे ते सांग. ताला माना देऊन टाकू आणि गोष्ट मिटवू."

ताला माना म्हणजे रक्ताची भरपाई. कुणाचं रक्त निघालं, कुणाची इज्जत गेली, तर करणाऱ्याच्या घराने सोसणाऱ्याच्या घराला द्यायचं. रोझिल्डाच्या आज्याच्या वेळेपासून असंच. त्याने कुऱ्हाडी थांबल्या होत्या, दोन घरांची खुन्नस पुढच्या पिढीत जात नव्हती. घेतलं की तोंड मिटायचं. आईने, बापाने, गावाने, आणि जिच्यावर गुदरलं तिनेही. एरवी गाय देत. गाई तर समुद्राने नेलेल्या.

"पत्रे," रोझिल्डा म्हणाली होती. "घरभर. आणि जाड." वर तिने घासाघीसही केली. खिळे घेतले, वॉशर घेतले, आढ्यावरची पन्हळी पट्टी घेतली. परत येताना तिला वाटलं होतं, नवरा सोडून गेलेल्या पोरीसाठी आपण वाघिणीसारखं भांडून आणलं.

"मला नकोत पत्रे," मिर्ना म्हणाली होती.

"मग काय पाहिजे?"

"त्याने सगळ्यांसमोर सांगावं काय केलं ते. आणि किल्ली त्याच्याकडे नको."

"हे बघ, त्याने सांगितल्याने पाऊस थांबणार आहे का? तुला काय कळतंय?"

मिर्नाला सव्विसावं लागलं होतं. त्यानंतर ती या विषयावर बोलली नाही.

*

छपराला तीन दिवस लागले. रोझिल्डाचा भाचा बेनितो वाशांवर चढून ठोकत होता, खालून पत्रा द्यायला म्हातारी स्वतः. गुडघे कुरकुरत होते. मिर्नाला शिडी धरायला सांगितलं, तर ती घागर घेऊन गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. शेवटचा पत्रा लांबीला जास्त भरला. बेनितोने तो कापून कडेला पन्हळ केली, म्हणजे पावसाचं गोडं पाणी पिंपात पडेल. पहिल्या सरीला पिंप भरलं. रोझिल्डाने वाटी बुडवून प्यायली. गोड लागलं. तिने हाक मारली, "मिर्ना, ये गं, बघ तरी."

मिर्ना आली नाही. तिने घरामागच्या चुलीच्या खोपटात काळं प्लास्टिक ताणलं होतं, टिनीची चटई तिथे नेली होती आणि आपली गोधडीही.

"इथे घर असताना खोपटात का झोपायचं? लोक काय म्हणतील?"

"मला पत्र्याचा आवाज सोसत नाही, आई."

"पाऊस काय मुक्यानं पडतो का प्लास्टिकवर?"

मिर्नाने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

दिवसा मात्र दोघी बरोबर राबायच्या. राबावंच लागत होतं. रानात आडवी पडलेली झाडं तोडायची, खाऱ्या मातीचा वरचा थर फावड्याने ओढून काढायचा आणि खालच्या काळ्या मातीत कसाव्याच्या, साबुदाणा होतो त्या कंदाच्या, कांड्या तिरप्या खोवायच्या. एक खोवायची, दुसरी पायाने माती दाबायची. बोलणं कामापुरतं. "कांडी दे." "ही कुजलीय." "टोपली सरकव." रोझिल्डाची जीभ गावभर चालायची, पण या वाफ्यांत येऊन अडायची. लेकीची मान घामाने निथळलेली दिसायची. टिनी दूर गेली की मिर्ना लगेच उभी राहून बघायची. नदीकडच्या वाटेवर पुरुषाची शीळ ऐकू आली की तिच्या हातातला कोयता जागच्या जागी थांबायचा. रोझिल्डा हे सगळं पाहायची आणि खाली बघून माती दाबायची. पायाने जरा जास्तच जोरात.

त्याच सुमारास राजधानीतून दोन बाया आल्या. बायांना देवळात जमवलं, भिंतीवर चित्रं लावली. रडणारी बाई, मूठ वळलेला बाप्या. स्पॅनिशमध्ये बोलल्या, कुणीतरी मध्येमध्ये गावच्या बोलीत सांगत होतं. शेवटी एकीने विचारलं, "तुमच्यापैकी कुणावर असं झालंय? घाबरू नका, हात वर करा."

देवळाच्या दारातच लेस्टर टेकून उभा होता. त्याच्या मागे क्लिफर्ड दात कोरत.

एकही हात हलला नाही. सेल्वियाने पोराचं नाक पुसलं. ते आधीच कोरडं होतं.

"आमच्याकडे हात वर करतात ते माश्या हाकलायला, बाई," रोझिल्डा मोठ्याने म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. हसणं वरवरचं होतं, पण देवळातलं अवघडलेपण गेलं. तिला बरं वाटलं. मग दिसलं, मिर्ना एकटी हसली नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती. ते मांडीवर होते आणि तिने ते घट्ट धरून ठेवले होते, जणू सोडले तर उठतील.

*

त्या बाया गेल्या. मागे एक राहिली, युनिस. ती गावच्याच लोकांतली, त्यांच्याच बोलीची, बिल्वी शहरात अडलेल्या बायांना आसरा देणाऱ्या घरात काम करणारी. तिची आई सुईण होती आणि निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. युनिसने चित्रं लावली नाहीत. सेल्वियाच्या खांबांवरच्या घराखाली बाया कसावा किसायला बसायच्या, तिथे ती किसणी घेऊन बसली. पुरुष तिथे फिरकत नाहीत. ओला कीस अंगावर उडतो आणि बायकांच्या चेष्टाही.

ती काय झालं असं कुणालाच विचारायची नाही. विचारायची ते भलतंच. "पाण्याला कोण कुणाबरोबर जातं गं?" "तिकडच्या वाटेवरचं झुडूप कापलं तर?" "धान्य वाटताना एकीला एकटीला का बोलावतात? तिघी मिळून गेल्या तर काय बिघडतं?" दोनचार दिवसांत बाया पाण्याला घोळक्याने जायला लागल्या. कुणी ठराव केला नाही. झुडूपही कापलं गेलं.

मिर्ना युनिसच्या शेजारी बसायची. एकदा रोझिल्डा किसलेल्याचं पाणी पिळत होती तेव्हा तिने पाहिलं, दोघी हळू बोलत होत्या, आणि मिर्नाची किसणी थांबली नव्हती. खर्र, खर्र. बोलणं त्या आवाजाखालून चाललं होतं.

उठताना युनिस म्हणाली, "कूका, छप्पर छान झालंय तुझं."

"झालंय खरं."

"त्याच्याखाली कोण झोपतं?"

विचारताना तिच्या आवाजात टोचणी नव्हती. टोचणी असती तर रोझिल्डाने परतून दिली असती. ती म्हणाली, "मी," आणि पिळलेलंच फडकं पुन्हा पिळत राहिली.

*

रविवारी सकाळी क्लिफर्ड आला.

देवळातून सरळ आला. पांढरा सदरा, केसांना तेल. पायऱ्यांपाशी थांबून त्याने मान वर केली, छपराकडे पाहिलं, आणि खांबावर चापट मारली. "काय कूका, गळत नाही ना कुठे?"

"नाही."

"गळायचं नाही. मी स्वतः निवडून आणलेत. हलका माल देणारच नव्हतो तुला." तो पायरीवर बसला. "कॉफी टाकलीस का? वास येतोय."

मिटलेली गोष्ट मिटलेली असते. भरपाई दिलेला माणूस गावात कुणाच्याही पायरीवर बसू शकतो, आणि आल्यागेल्याला कॉफी देणं हा रिवाज. नाही म्हटलं तर घेतलेलं नाकारल्यासारखं होतं. रोझिल्डा खोपटात गेली. मिर्ना चुलीमागे भिंतीला पाठ लावून उभी होती, टिनीचं तोंड पोटाशी दाबून. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. चुलीवरची किटली तिच्याच हाताशी होती, पण ती हलली नाही.

रोझिल्डाने किटली घेतली. कप घेतला. साखर घातली. साखर घालताना आपला हात किती सवयीने चालतोय हे तिला दिसलं.

त्याने फुंकून फुंकून पिऊन टाकली. "तुझ्या हातची कॉफी म्हणजे कॉफी. मिर्ना दिसत नाही?"

"कामात आहे."

"नमस्कार सांग." उठताना त्याने पन्हळीखालच्या पिंपात हात बुडवला, तोंड धुतलं आणि शीळ घालत गेला.

रोझिल्डा कप घेऊन मागे आली. मिर्नाने तो तिच्या हातातून घेतला. धुतला नाही, फोडला नाही. टिनीच्या कपांपासून दूर, एकटा फळीवर उपडा ठेवला.

"तू त्याला साखर घातलीस," ती म्हणाली.



रोझिल्डा बाहेर आली. पिंपाजवळ उभी राहिली. त्या पाण्यात त्याचे हात बुडाले होते. तेच पाणी ती इतके दिवस पीत होती, गोड लागतं म्हणत होती. तिने खांदा लावून पिंप कलंडवलं. पाणी घराच्या खांबांमधून धावत गेलं, कोंबड्या पळाल्या. पलीकडून सेल्विया बघत होती. रोझिल्डाला तिच्याकडे बघवेना. उभ्या आयुष्यात या गावात तिने कुणासमोर नजर पाडली नव्हती.

मग ती खोपटाच्या दाराशी गेली. आत गेली नाही.

"मिर्ना, मागे मी तुला विचारलं नव्हतं. आता विचारते. पत्रे काढू?"

मिर्नाने फळीवरच्या उपड्या कपाकडे पाहिलं. "काढले तर सगळं उघडं पडेल. सभा होईल. सगळे विचारतील."

"विचारतील. तुला नको असेल तर राहू देते. मग मी तोंड मिटून त्याच्याखाली झोपेन. तेही मी करीन. तू सांगशील ते."

"आणि पाऊस?"

"पाऊस काय, पडेल."

मिर्नाने टिनीला खाली ठेवलं. "जंबूर कुठाय?" ती म्हणाली.

*

बसवायला तीन दिवस लागले होते, उतरवायला दोन. बेनितोने यायला नकार दिला. "विह्ता काय म्हणेल?" म्हातारीने त्याच्या सात पिढ्या काढल्या आणि स्वतः वर चढली. मिर्नाने शिडी धरली. गंजायला लागलेले खिळे करकरत निघत. निघताना पत्रा भोकापाशी फाटे. तळहातांची सालं निघाली. एकेक पत्रा खाली आला की दोघी तो गवतावर एकावर एक रचत होत्या, आणि वर उघडे वासे, त्यांच्यामधून आभाळ.

मंगळवारी भर दुपारी, लोक घरात असताना, त्यांनी पत्रे न्यायला सुरुवात केली. एक टोक आईच्या डोक्यावर, एक लेकीच्या. लेस्टरचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. प्रत्येक खेपेला प्रत्येक दारावरून जावं लागत होतं. पत्रा चालताना लवायचा आणि डबडब वाजायचा, त्यामुळे जी दारं बंद होती तीही उघडली. कुणी थुंकलं, ते कुणासाठी ते कळलं नाही. तिसऱ्या खेपेला रोझिल्डाचा पाय चिखलात सरकला आणि ती गुडघ्यावर बसली. पत्र्याची कड मानेवर आली. उठता येईना.

मागून कुणीतरी पत्रा उचलला. सेल्विया होती. पोर कुणाकडे तरी देऊन आलेली.

"तुझ्या पाठीत भरलं होतं ना?"

"उतरलं," सेल्विया म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "मीही एकदा एकटीच गेले होते धान्याला, कूका. माझी तर आईपण नाही सौदा करायला." आणि पुढे चालू लागली.

रोझिल्डा गुडघे न पुसताच उठली आणि तिने पत्र्याला मधोमध हात लावला.

शेवटची खेप झाली तेव्हा लेस्टर ओसरीवर उभा होता. मागे दारात क्लिफर्ड, सदऱ्याशिवाय. लेस्टरने पत्र्यांवरून हात फिरवला.

"भोकं आहेत यांना. हा तर कापलाय. परत करायचं तर जसं होतं तसं, रोझिल्डा. हा रिवाज तुला मी सांगायचा का?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं. तुझ्या पुतण्याने जसं होतं तसं परत केलं का? भलतं धारदार उत्तर होतं, गावाने वर्षभर घोळवलं असतं. पण मिर्ना शेजारी उभी होती. ते बोललं की पोर पुन्हा पत्र्यांच्या रांगेत जाऊन बसली असती, भोकं पडलेली वस्तू म्हणून. म्हातारीने ते गिळलं.

"भोकं मी पाडलीत," ती म्हणाली. "माझा लोभ होता. भोकांच्या बदल्यात माझी डुकरीण घेऊन जा, पोटात पिल्लं आहेत. हिच्या वाटचं मी घेतलं होतं, हिला न विचारता. ते परत देतेय."

लेस्टरने इकडेतिकडे पाहिलं. कुंपणाशी बाया जमल्या होत्या, किसणीचे ओले हात तसेच. त्यांत युनिस, मागे.

"म्हणजे गोष्ट उघडली," तो म्हणाला. "येत्या रविवारी सगळ्यांसमोर पोरीला बोलावं लागेल. विचार कर. एकदा ऐकलेलं गाव विसरत नाही."

रोझिल्डाने तोंड उघडलं. मग मिटलं आणि लेकीकडे पाहिलं.

"मी बोलेन," मिर्ना म्हणाली. आवाज बारीक होता, फाटका होता, पण कुंपणापर्यंत पोचला. "त्याने आधी बोलायचं, मग मी. आणि त्यानंतर बिल्वीला पोलिसांत जायचं की नाही ते मी ठरवीन, तुम्ही नाही. आज मात्र धान्याची किल्ली इथे ठेवायची."

क्लिफर्ड हसला. कुणीच हसलं नाही, तेव्हा त्याने काकाकडे पाहिलं. लेस्टरने त्याच्याकडे न बघता हात पुढे केला. फार वेळ तो हात तसाच राहिला. मग किल्ली त्यात पडली, आणि लेस्टरने ती सगळ्यांत वरच्या पत्र्यावर ठेवली. टण्ण वाजलं.

सेल्वियाने पुढे होऊन ती उचलली.

*

संध्याकाळी पाऊस आला. छपराविना घरात फळ्यांवर पाणी साचलं. रोझिल्डाने गोधडीची वळकटी काखेत मारली आणि खोपटाच्या दाराशी येऊन थांबली. केसांतून पाणी गळत होतं. आपल्याच चुलीच्या खोपटाबाहेर ती पाहुण्यासारखी उभी होती.

"जागा आहे का?"

मिर्नाने टिनीचे पाय जरा सरकवले. "तिथे गळतं."

"चालेल."

ती वाकून आत आली, प्लास्टिकच्या फाटक्या कडेखाली बसली. थेंब नेमके मानेवर पडत होते, पत्र्याने सोललं होतं तिथे. चुलीवर केळी शिजत होती.

"त्या दिवशी," मिर्ना चुलीकडे बघत म्हणाली, "तू आधी तांदूळ विचारलास."

"हो."

"तांदूळ सांडला होता. धान्याच्या खोलीच्या दारात, मातीत. तो निघून गेल्यावर मी तिथेच बसून वेचत होते. म्हणून उशीर झाला. म्हटलं, रिकामं टोपलं नेलं तर आई ओरडेल."

रोझिल्डाने काही म्हणावं म्हणून मिर्ना थांबली नव्हती. तिने केळं बोटाने दाबून पाहिलं आणि पातेलं उतरवलं.

पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. एक वीतभर सरकली असती तर कोरडी जागा होती. रोझिल्डा सरकली नाही.